सवयीचा दोष कोणाचा?

"जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं," अशी म्हण गांवोगांवीं ऐकूं येते. कोणी रागाच्या भरांत मुलांबाळांस शिवी देतो आणि मागाहून म्हणतो, "जिभेस वळणच पडलें आहे, माझा काय इलाज?" सकाळीं उठतांच मिश्रीच्या डबीकडे हात जातो, त्याविषयींही हेंच उत्तर मिळतें. तेव्हां विचार करण्यासारखा प्रश्न हा कीं, जें कृत्य नकळत घडतें त्याचा दोष करणाऱ्यावर येतो काय?

ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल ह्यानें ख्रिस्तपूर्व चवथ्या शतकांत ह्याचा ऊहापोह केला आहे. त्याचा आशय असा: धोंडा एकदां हातांतून सुटला म्हणजे परत घेतां येत नाहीं, तथापि तो फेंकणें किंवा न फेंकणें हें फेंकणाऱ्याच्याच हातीं होतें. सवयीचेंही तसेंच. हें म्हणणें आम्हांस अर्धेंच पटतें. ज्यानें बाळपणीं बापाच्या तोंडून शिव्याच ऐकल्या, त्यानें तो धोंडा आपण होऊन उचलला असें कसें म्हणावें? परंतु सवय म्हणजे एकच धोंडा नव्हे. मनुष्य रोज नवा धोंडा उचलीत असतो. काल सुटलेला परत येणार नाहीं, पण उद्यांचा अजून जमिनीवरच पडला आहे. आपली जबाबदारी ती त्या उद्यांच्या धोंड्याची.

आतां, हात धोंड्याकडे जात आहे हें कळावें कसें? अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) ह्यानें १३ सद्गुणांची यादी करून एक वही ठेविली होती. दिवसभरांत जो दोष घडे त्याच्यासाठीं तो तींत एक काळा ठिपका काढी. आपणांस वाटत होतें त्याहून आपले दोष पुष्कळ अधिक आहेत हें पाहून तो चकित झाला. पण ते कमी होत गेलेलेही त्यास दिसले. न मोजलेला दोष लहान भासतो, हाच ह्यांतील बोध होय.

तथापि पाहणें पुरेसें नाहीं. १९७३ सालीं अॅझ्रिन व नन ह्या मानसशास्त्रज्ञांनीं नखें कुरतडणें इत्यादि खोडींवर एक रीत प्रसिद्ध केली. खोडीची पहिली चाहूल ओळखावयाची, आणि ती लागतांच जेणेंकरून ती खोड होऊंच शकणार नाहीं असें कांहीं करावयाचें. उदाहरणार्थ, मूठ घट्ट मिटून कांहीं वेळ तशीच धरावयाची. रिकामा हात जुन्या वाटेनेंच जातो, म्हणून त्यास दुसरें काम द्यावें. मिश्रीच्या वेळीं दांतवण हातीं घ्यावें. शिवी ओठांवर येतांच उठून घोटभर पाणी प्यावें.

येथें कोणी म्हणेल, "मनांत राग असतां गप्प बसणें हें ढोंग नव्हे काय?" ही शंका क्षुद्र नाहीं. पण ढोंगी मनुष्य लोक पाहतात तेव्हांच वागणूक बदलतो, आणि आंतील मन तसेंच राहावें अशी त्याची इच्छा असते. खोड मोडूं पाहणारा घरांत, कोणी पाहत नसतांही झटतो, आणि मनही पालटावें असें त्यास वाटतें. कृति आधीं सुधारली व मन मागून आलें, तर त्यांत खोटें कांहीं नाहीं. बापाची जीभ आंवरण्यापूर्वीं त्याचा राग निवावा अशी वाट पाहत बसलें, तर तोंवर लेंकराच्याही जिभेस तेंच वळण पडेल.

नवी सवय जडण्यास वेळ मात्र लागतो. लंडन येथील विद्यापीठांत झालेलें एक संशोधन २०१० सालीं छापलें गेलें. त्यांत ९६ जणांनीं रोज ठराविक प्रसंगीं एक साधें काम करण्याचा परिपाठ ठेविला. तें अंगवळणीं पडण्यास कोणास १८ दिवस, कोणास २५४ दिवसांपर्यंत लागतील असें आढळलें. मध्यम मान ६६ दिवसांचें होतें. एखादा दिवस चुकल्यानें विशेष हानि झाली नाहीं. म्हणून आठवड्याभरांत खोड गेली नाहीं, एवढ्यावरून म्हणीस शरण जाऊं नये.

वाचकहो, ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं खिशांत किंवा ओच्यांत चिंचोके ठेवावे. दोष घडला कीं एक चिंचोका वेगळा काढावा व रात्रीं निजण्यापूर्वीं ते मोजावे. संख्या अधिक भरली तरी लाजून चिंचोके टाकून देऊं नयेत. सकाळीं तेच पुन्हां भरून घ्यावे.