चिंचणीचे ताम्रपट आणि दानाचे पुण्य

डहाणू तालुक्यातील चिंचणी हे आज सुरूच्या बनांचे, पलीकडच्या तारापूरपासून खाडीने तोडलेले शांत गाव आहे. फिरायला येणारा किनाऱ्यावरूनच परततो. दानधर्माविषयीचा एक अवघड प्रश्न उभा करणारे ताम्रपट मात्र याच गावात 1950च्या दशकात सापडले. पुरालेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले.

त्यांतला शक 848चा, म्हणजे इ.स. 926चा पट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. तेव्हा संयानमंडलाचा, म्हणजे आज गुजरातेत असलेल्या संजाणच्या परिसराचा, कारभार मधुमती सुगतिप पाहत होता. तो ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद नावाचे संस्कृत रूप. इंद्राच्या आधीचा राजा दुसरा कृष्ण याने त्याला नेमले होते. त्याने आसपासच्या बंदरांच्या प्रमुखांना जिंकून तिथे आपली माणसे बसवली, दोन प्रवाहांवर फुकट नावेची सोय केली आणि संजाणला भात, कालवण, तूप वाढणारे अन्नछत्र घातले. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने तिथे मठिका, म्हणजे लहान मठ, उभारली होती. तिची डागडुजी, भगवती देवीचा नैवेद्य आणि ब्राह्मणभोजन यांसाठी या अरब अधिकाऱ्याने इंद्र राजाच्या संमतीने कणाडुक हे गाव व आणखी काही जमीन दिली.

नावेची सोय आणि अन्नछत्र यांबद्दल अडचण नाही. भुकेल्याला जेवू घालणे इस्लाममध्येही पुण्याचेच. पेच नैवेद्याशी येतो. इस्लाममध्ये कर्माचे मोल हेतूवर ठरते आणि मूर्तिपूजेला हातभार लावणे तिथे बसत नाही. इकडे स्मृतिकार देवलाने दानाची सहा अंगे सांगितली: दाता, घेणारा, श्रद्धा, धर्माने मिळवलेले देय, देश आणि काळ. देवीवर श्रद्धा नसलेल्याच्या दानात तिसरे अंग कुठून आणायचे?

भूदानाच्या ताम्रपटांत शेवटी येणारे ठरीव श्लोक याला आडून उत्तर देतात. त्यांच्या मते ज्याच्या ताब्यात जेव्हा भूमी, त्याला तेव्हा फळ. आणि दान देण्यापेक्षा दिलेले राखणे श्रेष्ठ. म्हणजे पुण्य जाते ते भूमी सांभाळणाऱ्याकडे. त्याची उपासना कोणती, हे विचारलेले नाही. याला आजचा सर्वधर्मसमभाव म्हणणे घाईचे होईल. बंदराचा व्यापार आणि राजाची मर्जी राखायची तर अधिकाऱ्याला गावातली देवस्थानेही राखावी लागत. पण राजकारणापोटी दिले म्हणून दान खोटे ठरवावे, तर त्या काळच्या हिंदू राजांची निम्मी दानेही खोटी ठरतील.

देवस्थाने एकमेकांशी भांडतही. चिंचणीच्याच आणखी एका पटानुसार, पुढे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळात ही मठिका आणि शेजारचे भिल्लमालदेवाचे मंदिर यांच्यात जमिनीवरून तंटा झाला. मठिकेने दरसाल 40 द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, भरावेत, असे ठरले.

पुढे 1034 साली शिलाहार राजांचा मांडलिक चामुंडराज याने मठिकेला तेलाचा घाणा दिला: भगवतीपुढच्या दिव्यासाठी आणि ब्राह्मणांच्या पायांना लावायला. दान दिल्याचे नगरजनांना कळवायची रीत होती. इथे कळवलेल्यांत ‘हंयमन’ येतो. अभ्यासक त्याला पारशांची अंजुमन, म्हणजे सभा, मानतात. अल्लिय, महर आणि मधुमत हे व्यापारीही त्यात आहेत, आणि ही नावे मुसलमानांची दिसतात. देवीच्या दिव्याच्या तेलाचे हे दान त्यांनाही कळवलेले आहे.