पावणं, कुठलं?

निपाणीच्या स्टँडवर उतरून रस्ता विचारणाऱ्या माणसाला रस्ता कळायच्या आधी हाक ऐकू येते : "काय पावणं, कुठलं?" कोल्हापूरपासून चिकोडीपर्यंतच्या पट्ट्यात अनोळखी माणसाला याहून सोपं संबोधन नाही. ज्याला कुणी बोलावलेलं नाही, जो कुणाच्या घरी उतरणार नाही, कदाचित पुढच्या गाडीनं निघूनही जाईल, तोही पावणा. हाकेत कधी माया असते, कधी टवाळी, आणि जनावरांच्या बाजारात निखळ संशय. शिवाय इथे पावणं म्हणजे सोयरासुद्धा. लेक दिलेल्या किंवा सून आणलेल्या घरचा माणूस. परका, पाहुणा आणि नातलग हे तिघे इथल्या बोलीनं एकाच शब्दात बसवले आहेत.

हाकेचा उरलेला अर्धा भाग मात्र प्रश्न आहे. कुठलं? गाव कळलं की आडनाव विचारता येतं, आडनावावरून जातीचा अंदाज बांधता येतो, आणि सीमाभागात घरात कोणती भाषा बोलतात हेही ओळखता येतं. मग माणूस पाहुणा ठरतो तो हाकेला की उत्तराला? दारातल्या माणसाची ओळख पटल्यावर त्याला आत घ्यायचं, की आत घेतल्याशिवाय त्याची ओळख पटतच नाही?

बेळगावच्या रिसालदार गल्लीत या प्रश्नाचं एक घर आहे. त्याचं दुसरं टोक पार शिकागोच्या जर्मन वस्तीत निघतं.

रिसालदार गल्लीतलं हे घर सदाशिवराव भाटे वकिलांचं. आज ते विवेकानंद स्मारक आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात कोल्हापूर दरबारचे खासगी कारभारी गोळवलकर यांची चिठ्ठी घेऊन एक बंगाली संन्यासी या दारात उभा राहिला. अंगात भगवं होतं, पण खाली बनियन. हातात दंडाऐवजी फिरायला जाताना घेतात तसली काठी. बोलणं फर्डं इंग्रजी. संन्यासी कसा दिसतो याची भाटे मंडळींची कल्पना पक्की होती आणि तिच्यात हा माणूस कुठूनच बसेना. वकिलांचे चिरंजीव ग. स. भाटे त्या वेळी पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होते. पाहुण्याला ती आपल्यापेक्षा चांगली येते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींत हे सगळं आहे.

त्यातच जेवणानंतरचा प्रसंग आहे. पाहुण्यानं पानसुपारी मागितली. ती दिली. मग खायची तंबाखू मागितली. निपाणी ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्यात तंबाखूची टंचाई असायचं कारण नव्हतं. पण संन्याशानं ती मागावी याचा घरादाराला धक्का बसला. त्यात माणूस ब्राह्मणही नव्हता. शाकाहारी का, असं विचारल्यावर उत्तर आलं की परमहंसांच्या पंथातल्यानं समोर येईल ते खावं, आणि ते हिंदूच्याच हातचं असावं असंही नाही. १८९२ च्या बेळगावात, ब्राह्मण वकिलाच्या घरात हे बोलणं किती जड गेलं असेल!

या घरानं दाखवलेला चांगुलपणा चिठ्ठी वाचून दार उघडण्यात नव्हता, तेवढं कुणीही केलं असतं. दरबारच्या कारभाऱ्याची चिठ्ठी म्हणजे "कुठलं?" या प्रश्नाचं आधीच तयार असलेलं उत्तर. पण चिठ्ठीत तंबाखू नव्हती, परमहंस पंथ नव्हता, जातीचा खुलासा तर नव्हताच. चिठ्ठी जिथे संपली तिथून पुढचे तीन दिवस भाट्यांनी स्वतःच्या हिमतीवर निभावले. आदरातिथ्य मोजायचं तर या पुढच्या भागापासून मोजावं लागतं.

शास्त्रांनी या भागाचा विचार केलेला आहे, आणि त्यांचं आपसात जमत नाही. मनुस्मृती अतिथिसत्काराला गृहस्थाच्या पाच महायज्ञांत बसवते. मग लगेच हिशेब मांडते. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय हा अतिथी नव्हे; वैश्य-शूद्र आले तर त्यांना दयाबुद्धीनं, नोकरांबरोबर जेवू घालावं. पराशरस्मृती नेमका उलटा सूर लावते : आलेल्याचं गोत्र विचारू नये, शाखा विचारू नये, किती शिकलास हेही विचारू नये, तो सर्वदेवमय आहे एवढं मनात धरावं. म्हणजे पराशरानं "पावणं" ठेवलं आणि "कुठलं?" खोडलं. मनूनं "कुठलं?" आधी विचारायला सांगितलं. हिंदू घराच्या उंबऱ्यावर ही दोन्ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी उभी आहेत, आणि बहुतेक घरांत मनूचा आवाज मोठा.

बेळगावचा पुढचा प्रसंग भाषेचा आहे. जंगल खात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांना गावात बंगाली संन्यासी आल्याचं कळलं. ते भेटायला आले आणि आपल्या घरी चला म्हणून आग्रह करू लागले. बंगालपासून इतक्या लांब मातृभाषेत बोलणारं घर! पण संन्याशानं लगेच होकार दिला नाही. या मराठी गृहस्थाकडे आपण सुखात आहोत. बंगाली भेटला म्हणून उठून गेलो तर त्यांना वाईट वाटेल, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मित्र चहा करवून वाट पाहत बसले, पाहुणा येईना. शेवटी स्वतःच भाट्यांकडे गेले, तर तिथे वकील आणि पंडितांचा घोळका जमलेला, आणि संन्यासी ज्याला त्याला इंग्रजीत, हिंदीत, संस्कृतात उत्तरं देतोय.

सीमाभागाला ही गोष्ट सांगावी तेवढी थोडीच. पाहुण्यानं आपल्या भाषेच्या माणसापेक्षा यजमानाचं मन आधी पाहिलं. आतिथ्याचं कर्ज एकट्या यजमानाच्या डोक्यावर नसतं, हे त्यानं न बोलता दाखवलं. तीन दिवसांनी मात्र तो मित्रांकडे गेला आणि नऊ दिवस राहिला. किल्ल्यातल्या त्या बंगल्यात आज रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. त्याच किल्ल्यात तेराव्या शतकाच्या सुरुवातीची जैन कमल बस्ती आहे, आदिलशाहीतली सफा मशीद आहे. रट्ट, आदिलशहा, इंग्रज, एकापाठोपाठ एक पावणं येऊन गेलेलं हे आवार.

मित्रांच्या घरी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचा विषय निघाला. मित्रांनी वर्गणी गोळा करायची तयारी दाखवली. संन्याशानं ती नाकारली आणि गोव्याच्या गाडीत बसला.

पुढल्या वर्षी तो शिकागोत पोचला खरा, पण या वेळी चिठ्ठी कामाला आली नाही. परिषदेचे प्रमुख जॉन बॅरोज यांचा पत्ता वाटेत हरवला होता. परिषद उघडणार होती ११ सप्टेंबर १८९३ ला. तिच्या एक-दोन दिवस आधी, संध्याकाळी, गाडीतून उतरल्यावर विवेकानंदांनी रस्ता विचारायला सुरुवात केली. चरित्रकार सांगतात की ते शहराच्या ईशान्य भागात होते आणि तिथे मुख्यतः जर्मनांची वस्ती असल्यामुळे कुणालाच त्यांचं बोलणं कळेना. अष्टाध्यायी म्हणणारा, बेळगावात तीन भाषांत वकिलांना गप्प करणारा माणूस इथे मुका झाला. रात्र त्यांनी रेल्वेच्या यार्डात एका रिकाम्या वाघिणीत काढली. सकाळी चांगल्या वस्तीत दारोदार भिक्षा मागितली. कपडे मळलेले, दाढी वाढलेली. दारं तोंडावर बंद झाली. शेवटी रस्त्याच्या कडेला बसलेल्या या माणसाला समोरच्या घरातल्या श्रीमती हेल यांनी पाहिलं. परिषदेला आलात का, असं विचारलं आणि आत नेलं.

इथे जर्मनांवर ठपका ठेवायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण ती वस्ती स्वतःच पाहुण्यांची होती. त्या काळात शिकागोतला जवळपास दर चौथा माणूस जर्मनीत जन्मलेला किंवा तिथून आलेल्यांचा मुलगा. नॉर्थ अॅव्हेन्यूला लोक जर्मन ब्रॉडवे म्हणत. सेंट मायकेल चर्चची घंटा जिथवर ऐकू येईल तिथवर ओल्ड टाउन, असं तिथले जुने लोक आजही सांगतात. १८७१ च्या आगीत हे चर्च जळून भिंती तेवढ्या उरल्या, तेव्हा याच लोकांनी ते पुन्हा उभारलं. आज त्या भागात फिरणाऱ्याला गटेच्या नावाचा रस्ता लागतो, शिलरच्या नावाचा लागतो. स्थानिक लोक गटेला 'गोथी' म्हणतात, आणि कवीला त्याचं काही सोयरसुतक नसावं.

या वस्तीनं परकेपण अंगावर झेललं होतं. १८५५ मध्ये रविवारी बिअर विकण्यावरच्या निर्बंधांवरून जर्मनांची पोलिसांशी चकमक झाली. कामगारांच्या सभेतल्या बॉम्बस्फोटाच्या, म्हणजे हेमार्केट, प्रकरणात ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघे फासावर गेले. त्यांतले तिघे जर्मनीत जन्मलेले. वाचलेल्या तिघा कैद्यांना माफी मिळाली ती १८९३ च्याच जूनमध्ये, जर्मनीतच जन्मलेल्या गव्हर्नर आल्टगेल्ड यांच्याकडून, आणि त्याबद्दल त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. सप्टेंबरात त्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या भगव्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

ज्यू धर्मग्रंथात आज्ञा आहे की परक्याला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही परकेच होता. आज्ञेचं गृहीतक असं की सोसलेलं आठवलं की दार उघडतं. शिकागो हे गृहीतक खोटं पाडतं. सोसलेल्या माणसाचं दार कित्येकदा अधिक घट्ट लागतं. आतल्या चार भिंतींत भाषा, चर्च, बिअर आणि गाणी जपायची तर बाहेरचा आवाज न कळणंच सोयीचं. पुढे पहिल्या महायुद्धात त्या भिंतीही वाचल्या नाहीत. बिस्मार्क हॉटेलला काही काळ रँडॉल्फ म्हणवून घ्यावं लागलं. पाटीवरच्या नावासाठी लोक किती हळवे होतात हे बेळगावला सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं अधिकृत नाव 'बेळगावी' झालं, आणि मराठी घरांतून ते आजही 'बेळगाव'च आहे.

जर्मनांचाच एक तत्त्वज्ञ या विषयावर बोलून गेलाय. कांटनं १७९५ मध्ये चिरंतन शांततेवर निबंध लिहिला आणि आतिथ्याला दयेच्या खात्यातून काढून हक्काच्या खात्यात टाकलं. पृथ्वी गोल आहे, माणसं एकमेकांपासून अनंत दूर पळू शकत नाहीत. म्हणून परक्याच्या भूमीवर आलेल्याला शत्रू समजलं जाऊ नये, हा त्याचा हक्क. पण हा हक्क भेट देण्याचा, मुक्कामाचा नव्हे. त्याचा जीव जाणार नसेल तर त्याला परत पाठवताही येतं. या कसोटीवर शिकागोच्या जर्मनांनी काहीच चुकीचं केलं नाही. विवेकानंद मेले नाहीत, वाघिणीत झोपले. कांटचा नियम पाळला गेला आणि माणूस उपाशी राहिला. पराशर असता तर त्याला हा हिशेब कळला नसता. आपल्या काळात फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदानं आणखी एक पेच दाखवला : परक्याला आसरा मागावा लागतो तो यजमानाच्या भाषेत, आणि परक्यावरचा पहिला अन्याय तिथेच होतो.

देरिदाचं म्हणणं सीमाभागातल्या मराठी माणसाला लगेच पटेल. सातबारा, नोटीस, फॉर्म कन्नडमध्ये हातात पडला की तो हेच म्हणतो. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये बेळगाव कर्नाटकात ठेवलं आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं. निपाणी काही गेली नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ही तक्रार खरी आहे. पण भाषा एक झाली म्हणजे दार उघडतं, हेही तितकंच खोटं. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची प्रांतिक परिषद भरली. तिथे जमलेल्या माणसांची बोली गावाचीच होती, पत्ता गावाचाच होता, चिठ्ठीची गरज नव्हती. त्यांना "कुठलं?" असं कुणी विचारलंच नसतं. ते कुठले हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर विहीर बंद होती. रिसालदार गल्लीत तंबाखू मागणाऱ्या अब्राह्मण संन्याशाला जागा मिळाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्याला नाही. अनोळखी माणसाला निदान ओळख पटेपर्यंतचा अवकाश मिळतो. ओळखून टाकलेल्याला तोही नाही.

आता बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्यांच्या कामाला उत्तरेकडची पोरं येतात. त्यांना ना मराठी येतं ना कन्नड. संध्याकाळी टपरीवर चहावाला त्यांनाही विचारतो, पण हिंदीत : "क्या भैया, किधर का?" पावणं हा शब्द त्यांच्यासाठी अजून कुणी वापरलेला नाही.