पटावरचा तास

चेन्नईतील बुद्धिबळ वाढले ते शाळेच्या वेळापत्रकाबाहेर. बुद्धिबळपटू मॅन्युएल एरन यांनी १९७२ मध्ये तिथल्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब सुरू केला. शाळकरी वयात विश्वनाथन आनंद तिथेच खेळत. १९८८ मध्ये ते भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. पुढे शाळांनीच पट मांडले. डी. गुकेश २०१३ मध्ये शाळेतच, आठवड्यातून तीन दिवस तासभर, हा खेळ शिकू लागला आणि २०२४ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, विश्वविजेता झाला.

विश्वविजेता एखादाच होतो. अभ्यासाबाहेरच्या अशा उपक्रमांचा खरा लाभ बाकीच्या असंख्य मुलांना होतो. क्लासिकल स्पर्धेत प्रत्येक खेळाडू दोन्ही बाजूंच्या चाली स्वतःच्या हाताने कागदावर नोंदवतो. डाव हरला तरी प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवायचा आणि मग अनेकदा त्याच्यासोबतच बसून नेमकी कोणती चाल चुकली ते शोधायचे. स्वतःचा पराभव इतक्या शांतपणे तपासायला गुणपत्रिका शिकवत नाही.

हे केवळ बुद्धिबळापुरते नाही. महाराष्ट्रात होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत उतरणाऱ्या नववीच्या मुलांना लेखी परीक्षेतून पुढे गेल्यावर प्रयोग आणि प्रकल्पही करावे लागतात. नाटक, वक्तृत्व, स्काउट-गाइड यांतही हाताला काम आणि मनाला धीर मिळतो. दहावी जवळ आली की घरोघरी हेच उपक्रम आधी बंद होतात, आणि ते चुकीचे आहे. पालकांनी आठवड्यातले दोन-तीन तास त्यासाठी आवर्जून राखावेत. क्लासची फी परवडत नसेल तिथे शाळेने बुद्धिबळाचे पट आणि सोंगट्या पुरवाव्यात.