बिलोरी पेला आणि दारचा पाहुणा

गेवराई तालुक्यातील उमापूरसारखी गावे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. राजधानीत चौमहल्ला राजवाड्याच्या दरबार-महालात बेल्जियमच्या काचेची झुंबरे झगमगत असत, आणि त्या दरबाराच्या खजिन्यात मराठवाड्यातील शेतकऱ्यांचा साराही जमा होत असे. सारा भरणाऱ्याच्या घरी मात्र रॉकेलची चिमणी जळे. जुने शोभिवंत काचसामान पाहताना म्हणूनच प्रश्न पडतो: हे सौंदर्य कोणासाठी?

सौंदर्य हे पाप नव्हे. वाळू, क्षार आणि विस्तव यांतून पारदर्शक पात्र घडविणारी बुद्धी हे परमेश्वराचेच देणे आहे. तथापि काचेला एक सामाजिक भाषाही असते. १२९१ साली व्हेनिसने आगीच्या भयाने आपल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या. पुढे तेथील कारागिरांना आपली विद्या घेऊन परदेशी जाण्यास बंदी झाली. काच पारदर्शक खरी, पण तिच्यातून तिचा कारागीर दिसेनासा झाला. धनिकाच्या दिवाणखान्यात ती पोहोचली, तेव्हा मालकाची पायरी सांगणारी खूण बनली. सहज फुटणारी वस्तू जपायला नोकरचाकर लागतात. तिचा ठिसूळपणाच श्रीमंतीचा पुरावा ठरला.

हा अर्थ बदलू शकतो. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांच्या संग्रहातील काचसामान १९५१ साली हैदराबादच्या संग्रहालयात लोकांसाठी खुले झाले. पेले तेच राहिले. पण दिवाणाच्या महालातील ते वैभव आता उमापूरचा मजूरही तिकीट काढून पाहू शकतो.

आपल्या घरातील कपाटाचे काय? आजीच्या वेळचे बिलोरी पेले फादर आले म्हणजे बाहेर निघतात. दारी आलेल्या मजुराला चहा मिळतो तो कान तुटलेल्या कपातून. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली, तरी वेगळ्या कपबशीची सवय कित्येक घरांतून निघता निघाली नाही. श्रीमंताला मानाचे आसन देऊन गरिबाला पायाशी बसविणाऱ्या मंडळीची याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कानउघाडणी केली आहे. ती आपल्या कपाटालाही लागू पडते.

मिस्सेसाठी काचेची पात्रे वापरू नयेत, कारण ती सहज फुटतात, असे रोमने २००४ साली बजावले. परंतु पवित्र साक्रामेंतासमोर अनेक देवळांत लाल काचेतला दिवा अखंड तेवत असतो. तेथे काचेची किंमत कोणी विचारीत नाही. तिच्यातून येणारा प्रकाश पुढच्या बाकावरच्याला दिसतो, तसाच दाराशी उभा असलेल्यालाही.

वडिलोपार्जित पेला आपण जरूर जपावा. मात्र उन्हातून आलेल्या मजुराच्या हाती तो पाण्याने भरून देताना आपला हात अडखळतो का, हे एकदा तपासून पाहावे. अडखळलाच, तर आपण पेला जपतो आहोत की आपली पायरी, याचे उत्तर तेथेच मिळेल.