डोंगर, धूर आणि बुंधा

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात टेकड्या आणि कुरणे यांच्या मधूनच एक खडक सरळ उभा उठलेला आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ८६७ फूट उंच. माथा सपाट, कडे ताठ, आणि त्या कड्यांवर वरपासून खालपर्यंत समांतर खाचा. त्याला डेव्हिल्स टॉवर म्हणतात. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तो देशातले पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. २०१६ च्या सुमारास एका लांबलचक चित्रफितीमुळे या खडकाविषयी एक मत जगभर पसरले. हा डोंगर नाहीच, हा तोडलेल्या झाडाचा बुंधा आहे, असे ते मत. झाडही साधेसुधे नव्हे. कित्येक मैल उंच, आणि कार्बनऐवजी सिलिकॉनचे. जगातले सगळे सपाट माथ्याचे डोंगर असेच बुंधे आहेत, दऱ्या या कुणाच्या तरी जुन्या खाणी आहेत, आणि आपण ज्यांना जंगले म्हणतो ती त्या खऱ्या जंगलांपुढे नुसती झुडपे. ती महाकाय झाडे कुणीतरी तोडून नेली आणि मागाहून हा सगळा इतिहास दडपला. यावर हसणे सोपे आहे. पण असले मत नेमके कुठे चुकते हे शोधू गेले तर उत्तर वाटते तितके सरळ निघत नाही, कारण ते निव्वळ खोटे आहे एवढ्याने त्याचा दोष सांगून होत नाही. खोटी ठरलेली मते विज्ञानाच्या इतिहासातही ढिगाने आहेत.

आपल्या न्यायशास्त्राने अनुमान शिकवायला उदाहरण घेतले तेही डोंगराचेच. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकते ते धूर आणि अग्नी एकमेकांसारखे दिसतात म्हणून नव्हे, तर जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी ही व्याप्ती आधी पारखून घेतलेली असते म्हणून. नैयायिक तेवढ्यावरही थांबले नाहीत. लांबून दिसणारे धुके धूर मानले तर हेतूच असिद्ध ठरतो. उलट, अग्नी आहे म्हणून धूर असणारच असे म्हटले तर तापलेला लोखंडाचा गोळा आडवा येतो: तिथे अग्नी असतो, धूर नसतो, कारण धुराला ओले जळण लागते. आता या कसोटीवर बुंधा लावून पाहा. डोंगर बुंध्यासारखा दिसतो, म्हणून तो बुंधा. यात व्याप्ती कोणती? जे जे बुंध्यासारखे दिसते ते ते बुंधाच असते, असे कुणी कधी पाहिले? साम्य म्हणजे शोधाची सुरुवात असू शकते. इथे सुरुवातीलाच निकाल देऊन सगळे मोकळे झाले आहेत.

आणि तपासायला भरपूर आहे. झाड खरोखरच दगड होते. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये सुमारे साडेबावीस कोटी वर्षांपूर्वीचे ओंडके पडलेले आहेत. जैसलमेरजवळ अकल येथे आणि तमिळनाडूत तिरुवक्कराई येथेही अश्मीभूत लाकूड आहे. लाकडाची जागा सिलिकाने घेतलेली असते, तरी चांगल्या टिकलेल्या तुकड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशींची रचना ओळखू येते. डेव्हिल्स टॉवरच्या दगडाचा काप घेतला तर फेल्डस्पारचे स्फटिक दिसतात. पेशी नाहीत, वर्तुळे नाहीत, साल आणि गाभा हा फरक नाही. आतून बाहेरपर्यंत तो फोनोलाइट नावाचा, शिलारस थंड होऊन बनलेला खडक आहे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा. उंचीचेही तेच. आज जिवंत असलेले सर्वांत उंच ज्ञात झाड, कॅलिफोर्नियातले एक रेडवुड, ११६ मीटरच्या आसपास आहे. मुळांतून शेंड्यापर्यंत पाणी चढवण्याच्या मर्यादेवरून संशोधकांनी झाडाच्या उंचीची कमाल सीमा १२२ ते १३० मीटर काढली आहे. सिलिकॉनच्या झाडाला हा नियम लागू नाही असे कुणी म्हणेल. मग त्याला कोणता नियम लागू आहे तेही त्यानेच सांगायला हवे, आणि ते कुणी सांगत नाही.

राहिल्या त्या खाचा. तापलेला खडक थंड होताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे थंड पृष्ठभागाकडून आत सरकत जातात. ताण सगळीकडे सारखा असेल तर तीन भेगा एका बिंदूत साधारण १२० अंशांनी मिळतात आणि षटकोनी खांब तयार होतात; प्रत्यक्षात पाच आणि सात बाजूंचेही पुष्कळ असतात. हवाईतल्या किलाउआ ज्वालामुखीच्या लाव्हा-तळ्यांवर अशा भेगा पडताना शास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत. मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा हळूहळू वाळवला तर त्यातही असेच बारीक खांब होतात. तिथे उष्णतेऐवजी पाणी निघून जाते, एवढाच फरक. टॉवरचे खांब पायथ्याशी बाहेर फाकतात, ते मुळांसारखे दिसतात हा बुंधावाद्यांचा आवडता पुरावा. पण खांब थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात आणि तो पृष्ठभाग वळला की तेही वळतात. असा खांबाखांबांचा कडा पाहायला मराठी माणसाला वायोमिंग गाठायची गरज नाही. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे: सुमारे २०० फूट उंचीचा, उभ्या बेसाल्ट-स्तंभांचा सुळका, दख्खनच्या लाव्हायुगातला, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: शास्त्रज्ञही चुकतात, आणि नवे सांगणाऱ्याला तेही हसतात. दोन्ही खरे आहे. याच बेसाल्टच्या खांबांबद्दल अठराव्या शतकात फ्रायबर्गचा थोर अध्यापक वेर्नर शिकवत असे की बेसाल्ट हा आदिम समुद्राच्या पाण्यातून साचलेला खडक. फ्रान्सच्या ओव्हर्न्य भागात १७६३ मध्ये फिरलेल्या देमारे याने असे खांब थेट जुन्या ज्वालामुखींपर्यंत माग काढत नेले होते, तरी वेर्नरचे मत पुढे कितीतरी वर्षे चालले. ते ढासळायला हातभार लावला तो त्याच्याच शिष्यांनी. द'ओब्युइसों याने आधी सॅक्सनीच्या बेसाल्टवर गुरूच्या बाजूने पुस्तक लिहिले, मग ओव्हर्न्यला जाऊन स्वतः पाहिले आणि मत बदलले. हसण्याचे उदाहरण हवे असेल तर जे हार्लेन ब्रेट्झ घ्या. वॉशिंग्टन राज्यातली खरवडलेली भूमी एका प्रचंड महापुराने बनली असे त्याने १९२३ पासून मांडले आणि बड्याबड्यांनी ते झिडकारले. पुढे हिमयुगातल्या मिझूला सरोवराचा बर्फाचा बांध फुटल्याचे पुरावे जुळत गेले, पाण्याने वाळूत उठाव्यात तशा पण कित्येक फूट उंच लाटा जमिनीवर उमटलेल्या सापडल्या, आणि १९७९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, ब्रेट्झला भूविज्ञानातले मानाचे पेनरोज पदक मिळाले. ब्रेट्झला हसले होते म्हणून तो बरोबर ठरला नाही. त्याच्या म्हणण्यातून आणखी काय सापडायला हवे ते ठरत होते, आणि ते सापडले. बुंधावादातून सापडायला हव्या त्या पेशी, आणि त्या नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो श्रद्धेच्या बाजूने येतो. असे तपासत बसले तर पुराणेही याच रांगेत उभी राहतील, नाही का? इथे मला फरक दिसतो, आणि तो मोठा आहे. किओवा लोकांच्या एका कथेत याच टॉवरला बुंधाच म्हटले आहे. अस्वल झालेला भाऊ सात बहिणींच्या मागे लागतो, त्या एका मोठ्या झाडाच्या बुंध्यावर चढतात, बुंधा आकाशाकडे उंच होत जातो, अस्वलाच्या नखांनी सालीवर ओरखडे उठतात आणि बहिणी तारे होतात. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो तेच तारे. प्रतिमा तीच, बुंध्याचीच. पण ही कथा कुणाला खोटारडा म्हणत नाही आणि सिलिकॉनचे नाव घेऊन विज्ञानाचा अंगरखाही चढवत नाही. अनेक आदिवासी जमातींना ती जागा पवित्र आहे. त्यांच्या भावनेचा मान राखून १९९५ पासून जून महिन्यात तिथे चढाई न करण्याचे आवाहन केले जाते. त्या पावित्र्याला फोनोलाइटमुळे ओरखडाही गेलेला नाही. लोणारचेही तसेच. विष्णूने लवणासुराला मारले ती ही जागा, म्हणून गावात दैत्यसूदनाचे देऊळ. हे विवर ज्वालामुखीचे असावे असे बराच काळ मानले जाई. १९७० च्या दशकात तिथे छिद्रे घेऊन नमुने तपासले, आघाताच्या प्रचंड दाबानेच होणारी मॅस्केलिनाइटसारखी काच मिळाली आणि ते उल्काघाताचे ठरले. विज्ञानाने मत बदलले. देवळातली पूजा त्या मतावर कधी अवलंबून नव्हतीच, त्यामुळे तिला काही बदलावे लागले नाही.

अडचण होते ती कथेला भूगर्भशास्त्राचा दाखला जोडायची घाई झाली की. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर आले, ही कथा. ती केरळातही सांगतात. तिच्यात समुद्र हटल्याची प्राचीन नोंद आहे असे हल्ली उत्साहाने म्हटले जाते. पण गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. माणसाच्या स्मृतीत बसेल अशा काळात तो मुख्यतः किनाऱ्यावर चढत आलेला आहे. म्हणजे कथेला विज्ञान म्हणून उभे केले की ती उलटी निघते. कथा म्हणून ती होती तिथे भक्कम होती. बायबलमधल्या जलप्रलयाचे असेच झाले. १९६१ मध्ये व्हिटकम आणि मॉरिस यांनी ग्रंथ लिहून पृथ्वीवरचे बहुतेक थर एकाच प्रलयात साचले असा दावा केला, आणि ग्रँड कॅन्यन त्याचा नमुना ठरला. त्या कॅन्यनच्या मधल्याच थरांत वाळलेल्या चिखलाच्या भेगा आहेत. प्रलय चालू असताना चिखल वाळायला गेला कधी, याचे उत्तर नीट मिळत नाही.

गंमत अशी की ही शंका आधी नास्तिकांनी काढलेली नव्हती. थर खालून वर क्रमाने साचतात हा नियम १६६९ मध्ये मांडणारा स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाला. केंब्रिजचा अ‍ॅडम सेज्विक धर्मोपदेशकच होता, आणि सगळीकडचे गोटे एकाच प्रलयाचे हे आपले मत त्याने १८३१ मध्ये भर सभेत मागे घेतले. आपल्याकडे शंकराचार्यांनी गीताभाष्यात म्हटले आहे की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतिवचनांनी सांगितले तरी ते प्रमाण ठरणार नाही. श्रुतीचे क्षेत्र वेगळे, प्रत्यक्षाचे वेगळे, ही त्यांची मांडणी होती, आणि ती श्रुतीचा अधिकार राखण्यासाठीच होती.

तरीही एक वाट उरते, आणि १८५७ मध्ये फिलिप गॉस या निसर्गाभ्यासकाने ती घेतली. देवाने पृथ्वी जुनी दिसेल अशीच निर्माण केली, जीवाश्मांसकट, असे त्याने मांडले. हे खोडता येत नाही, कारण कोणताही पुरावा त्यात सामावून जातो. चार्ल्स किंग्सली हा त्याचा धर्मोपदेशक मित्र. देवाने खडकांवर एवढे मोठे खोटे लिहून ठेवले हे मी मानू शकत नाही, अशा अर्थाचे त्याने गॉसला कळवले. ही हरकत धर्माच्या आतली आहे, आणि मला ती भूविज्ञानातल्या कुठल्याही हरकतीइतकीच वजनदार वाटते. बुंधावाद्यांना तर गॉसची ही सोयही नाही. त्यांना खोटे बोलणारे म्हणून माणसेच हवीत: फ्रायबर्गचे विद्यार्थी, ओव्हर्न्यचे प्रवासी, लोणारला छिद्रे घेणारे, दगडाचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणारा एकूण एक जण, अडीचशे वर्षांतला. त्यातले निम्मे एकमेकांशी आयुष्यभर भांडत होते. या सगळ्यांनी मिळून एक झाड लपवले असे मानायला पुरावा लागेल, आणि तोही खांबांकडे लांबून पाहून मिळणारा नाही.