सरपणाचा कारभार कोणाचा?

फेब्रुवारी-मार्चात मलकापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात घरांच्या मागच्या अंगाला पऱ्हाट्यांच्या गंज्या लागलेल्या असतात. शेजारी तुराट्या, आडोशाला गोवऱ्या. कपाशीचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उपटायची, वाळवायची आणि पावसाळ्याआधी घरी आणून रचायची, हे इथलं वर्षाचं इंधन. डोक्यावर मोळी घेऊन जंगलातून उतरणारी बाई सरकारी पोस्टरवर फार दिसते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बाईचं सरपण मात्र वावरातून, धुऱ्यावरून आणि नाल्यातल्या वेड्या बाभळीतून येतं. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा आणि दक्षिणेच्या डोंगरात ज्ञानगंगा ही अभयारण्यं आहेत. मधली काळ्या मातीची पट्टी झाडांच्या बाबतीत उघडीच.

इंग्रजी अमलात वऱ्हाडातल्या या काळ्या जमिनीवर वनखात्याने बाभूळबनं राखली होती. बाभूळ जळणाला चांगली, औताला चांगली, शेंगा शेळ्या-मेंढ्यांना. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीही सपाटीवरच्या गावांच्या सरपणाची काळजी सरकारी दप्तरात होती. पण तोडायचं काय, केव्हा आणि किती, हे ठरवणार खातं. गावाचं काम परवानगी मागण्याचं. 1878 च्या वन कायद्याने इंग्रजी मुलखाच्या मोठ्या भागात हीच रीत घट्ट केली. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायरानं गिळल्याबद्दल जी आग पाखडली, ती याच काळातली.

स्वातंत्र्यानंतर खातं तेच राहिलं, भाषा बदलली. 1975 मध्ये एरिक एकहोम या अमेरिकन लेखकाने जळाऊ लाकडाच्या टंचाईला ‘दुसरं ऊर्जासंकट’ म्हटलं. तेलाच्या भाववाढीने हादरलेल्या जगाला ते पटलं. हिशेब सरळ होता: माणसं वाढणार, लाकूड तेवढंच, तेव्हा अमुक साली जंगल संपणार. त्यातून सामाजिक वनीकरण आलं. महाराष्ट्रात त्याचं स्वतंत्र खातं 1982 मध्ये उभं राहिलं. रस्त्याकडेला, गायरानावर, शेताच्या बांधावर सुबाभूळ आणि निलगिरी लागली. झाडं वाढली, हे मान्य करायला हवं. पण देशात अनेक ठिकाणी निलगिरीची सरळ खोडं कागद कारखान्यांकडे आणि बांधकामाच्या बल्ल्यांसाठी गेली. चुलीला उरला तो पाला. त्याच सुमारास, 1983-84 पासून, सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम गावोगाव पोचला. त्या चुलींपैकी कितीतरी पहिल्या डागडुजीलाच बंद पडल्या.

चूक हिशेबातच होती. त्या हिशेबात गावकरी म्हणजे नुसता लाकूड जाळणारा. झाड राखणारा, लाकूड महागलं की पऱ्हाटीवर वळणारा, बांधावरची बाभूळ छाटून पुन्हा फुटू देणारा माणूस त्यात नव्हताच. 1988 मध्ये जेराल्ड लीच आणि रॉबिन मर्न्स यांनी आफ्रिकेतल्या अनुभवावरून हेच दाखवलं. जंगल मुख्यतः शेतीसाठी साफ होतं, आणि सरपणाचा मोठा वाटा जंगलाबाहेरच्या झाडांतून येतो. तेव्हा तुटवडा मोजण्याआधी झाडावर हक्क कोणाचा, ते विचारा.

नायजर या देशाने ते विचारलं. राजधानी नियामेला लागणारं लाकूड व्यापारी मनाला येईल तिथून ट्रक भरून आणत. 1992 च्या कायद्याने गावांना आखलेलं जंगल, वर्षाची तोडीची मर्यादा आणि स्वतःचा लाकूड बाजार दिला. गावच्या बाजारातून घेतलेल्या लाकडावर कर कमी, इतर लाकडावर जास्त. कराचा वाटा गावाच्या तिजोरीत. कल्पना धीट होती आणि शेजारच्या देशांनीही ती उचलली. पुढे शहराच्या वेशीवरची तपासणी ढिली पडली, तोडीच्या मर्यादा बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिल्या. तरीही लाकूड विकणारा गाव आणि लाकूड चोरणारा गाव यांत कायद्याने फरक केला, ही गोष्ट मोठी.

आपल्याकडे त्या दिशेचं पहिलं पाऊल अर्धवट पडलं. 1990 मध्ये केंद्राने आणि 1992 मध्ये महाराष्ट्राने संयुक्त वन व्यवस्थापन स्वीकारलं. समिती गावाची, शिक्का वनपालाचा. खरा पालट 2006 च्या वनहक्क कायद्याने झाला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला. इकडे वऱ्हाडातच, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला 2012 मध्ये 193 हेक्टर उजाड जंगल मिळालं. गावाने ते राखून पुन्हा उभं केलं. एक गोष्ट मात्र खटकते. या कायद्याने गौण वनोपजात झुडपी लाकूड आणि खुंटही धरले आहेत, पण चर्चा होते ती बांबूची आणि तेंदूपत्त्याची. त्यात पैसा आहे. सरपण बायका आणतात, त्याची पावती फाटत नाही, म्हणून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ते सहसा येत नाही.

आणि ज्या गावाजवळ जंगलच नाही त्याचं काय? मलकापूरसारख्या तालुक्याला या सगळ्या प्रवासात कोणी विचारात घेतलेलं दिसत नाही. 2016 मध्ये उज्ज्वला आली, सिलिंडर घरोघर गेले. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी ग्रामीण कुटुंबं देशात 43.2 टक्केच निघाली. सिलिंडर चहाला, आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर, ही विभागणी वऱ्हाडात नवी नाही.

दरम्यान पऱ्हाटीचेच दिवस फिरले आहेत. 2017 च्या गुलाबी बोंडअळीनंतर कृषी खातं सांगतं, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, गंज्या लावून साठवू नका, अळी त्यात दडते. दुसरीकडे त्याच पऱ्हाटीचा भुगा करून कारखान्यांच्या बॉयलरसाठी ‘व्हाइट कोल’च्या कांड्या पाडतात. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर ते वाईट नाही. पण ज्या भूमिहीन बाईला ती फुकट उपटून नेता येत होती, तिच्या चुलीचा हिशेब या व्यवहारात कोणी मांडत नाही. तिला उरतो नाला आणि गावाची सरकारी पडीक, म्हणजे ई-क्लास जमीन. ती जमीन अतिक्रमणाने आटते आहे. वेड्या बाभळीवर कोळसा भट्टीवाल्याचाही डोळा असतो. ढाब्याच्या तंदूरला आणि इस्त्रीला कोळसा लागतोच.

या जमिनीसाठी नवा कायदा करायची गरज नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधली कलमं 161 ते 167 फक्त विदर्भाला लागू आहेत. त्यांनुसार जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावाचं निस्तारपत्रक करायचं: बिनभोगवट्याच्या जमिनीवर चराई कशी, जळण कोणी आणि कोणत्या अटींवर न्यायचं, सगळं त्यात. मसुदा गावात प्रसिद्ध करून रहिवाशांची इच्छा विचारायची, असंही कायदा म्हणतो. पत्रक जुनं झालं असेल तर ग्रामपंचायत बदल मागू शकते. नायजरने 1992 मध्ये जे नव्याने लिहिलं, त्याचा पाया इथे आधीपासून छापील आहे. मलकापूर तालुक्यातल्या सरपंचांनी आणि ग्रामसभेला जाणाऱ्या बायकांनी पुढच्या सभेत आपल्या गावाचं निस्तारपत्रक टेबलावर मागावं, आणि त्यात वेड्या बाभळीच्या तोडीचा पहिला हक्क कोणाचा, ते लिहून घ्यावं.