वाघोबाचा मान आणि अस्वलाचा बर्फ

डहाणू-तलासरीच्या जंगलपट्ट्यात पट्टेरी वाघ उरला नाही. वाघोबा मात्र ठाण मांडून आहे. पाड्याच्या शिवेवर, कुठे झाडाखाली, कुठे उघड्यावर, लाकडावर किंवा दगडावर कोरलेला आणि शेंदराने माखलेला हा देव वारल्यांच्या रोजच्या व्यवहारातला आहे. वाघबारशीला त्याला मान द्यायचा असतो: नारळ, कोंबडे, ऐपत असेल तर बोकड. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत फिरून केलेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाघोबाच्या 150 स्थानांची नोंद झाली. वारली माणूस पट्टेरी वाघाला वाघ म्हणतो आणि बिबट्यालाही वाघच म्हणतो. त्यामुळे पट्टेरी गेला तरी मान थांबला नाही. तो बिबट्याकडे आला.

या मानामागे एक बोली आहे. कथा ठिकाणागणिक बदलते, पण तिचा एक गाभा असा: बाईच्या पोटी जन्मलेले मूल वाघ होऊन गुरे मारू लागले, गाव त्याच्या जिवावर उठले, तेव्हा आई मध्ये पडली आणि तडजोड झाली. गावाने त्याला जागा द्यायची, वर्षाचा मान द्यायचा. त्याने गाव राखायचा. यात भाबडेपणा शोधू नये. बकरी गेली तर माणूस हळहळतो, चिडतो, वनखात्याकडे भरपाईही मागतो. मान दिला म्हणून नुकसान टळते, असा दावा अभ्यासकांनीही केलेला नाही. बोलीचा उपयोग वेगळा आहे. जनावराच्या वागण्याला तिच्यामुळे काही अर्थ लागतो, आणि एका बकरीपायी साऱ्या जातीवर कुऱ्हाड घेऊन उठण्याची वेळ येत नाही.

ध्रुवीय अस्वलाचा विचार डहाणूत बसून करायचा, तर तो या बोलीपासून सुरू करावा असे मला वाटते. आपल्याला हे अस्वल ठाऊक आहे ते चित्रातून, आणि चित्रात ते नेहमी एकटे असते. प्रत्यक्षात त्यालाही माणसांचा शेजार आहे. कॅनडा, ग्रीनलँड आणि अलास्कातले इनुइट लोक त्याला नानुक म्हणतात, त्याची शिकार करतात, मांस खातात, कातडे पांघरतात आणि तरीही त्याच्याविषयी तोंड सांभाळून बोलतात. आपली बढाई किंवा टवाळी त्याला कळते अशी त्यांची समजूत आहे. हडसन उपसागराकाठच्या चर्चिल गावात तर शरदात अस्वले रस्त्यावर येतात. तिथे गस्त असते, वस्तीत शिरणाऱ्या अस्वलांना काही काळ डांबून ठेवण्याची सोय असते, आणि अडचणीत सापडलेल्या कुणालाही आत शिरता यावे म्हणून गाड्यांची दारे उघडी ठेवायची रीत आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरल्या न्यू-ऑलेसुंद या संशोधनवस्तीत भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र 2008 पासून आहे. ते चालवते गोव्यातल्या वास्को-द-गामाची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था. तिथे जाणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांनाही अस्वलाच्या धास्तीने वस्तीबाहेर बंदूक बाळगावी लागते.

म्हणजे शेजाराचे नियम तिकडेही आहेत. तरीही वारल्यांची बोली टिकते आणि इनुइटांची ढासळते आहे. याचे कारण माणसांच्या स्वभावात नाही, दोन जनावरांच्या पायाखाली आहे.

ध्रुवीय अस्वल बहुधा जमिनीवर जन्माला येते, पण जगते समुद्रावर. मोठा नर 400 ते 600 किलोचा, मादी त्याच्या निम्मी. एवढे धूड पोसण्यासाठी त्याला लागते ती चरबी, आणि ती मिळते सीलकडून. सील हा पाण्यातला प्राणी. उघड्या समुद्रात तो अस्वलाच्या हाती लागत नाही. पण त्याला श्वास घ्यायला वर यावे लागते, आणि समुद्र गोठला की तो बर्फात भोके राखून ठेवतो. अस्वल अशा भोकाशेजारी बसते. हालचाल न करता तासन्‌तास बसते. बहुतेक खेपा फुकट जातात. एखादी साधली, की आधी चरबी खायची. उरलेल्या मांसावर कोल्ह्यांचा आणि पाखरांचा गुजारा होतो. वसंतात सीलमाद्या बर्फावरच्या हिमाच्या ढिगाऱ्यात पिल्ले घालतात. वास घेत अस्वल तो ढिगारा पुढच्या पायांनी फोडते. वर्षभराच्या कमाईचा मोठा भाग या थोड्या आठवड्यांत होतो. पुढे समुद्र मोकळा झाला की त्या साठ्यावर दिवस काढायचे.

बाळंतपणाचा हिशेबही याच साठ्यावर चालतो. जोड्या जमतात वसंतात, पण गर्भ लगेच रुजत नाही. मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढली तरच शरदात तो वाढीला लागतो. मग ती हिमात गुहा खोदून आत जाते. बाकीची अस्वले हिवाळाभर हिंडत असतात. दडी मारते ती गाभण मादीच. ऐन काळोखात बहुधा 2 पिल्ले होतात, प्रत्येकी जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोची, आंधळी. आई काही खात नाही, पण तिचे दूध विलक्षण स्निग्ध असते. मार्च-एप्रिलमध्ये ती पिल्लांना घेऊन बाहेर पडते आणि तडक बर्फाकडे निघते. हडसन उपसागराकडच्या माद्यांचा हा उपास 8 महिन्यांपर्यंत लांबतो. पुढे सुमारे अडीच वर्षे पिल्ले तिच्यामागे राहून शिकार शिकतात. इतक्या संथ संसारात लागोपाठ थोडे हंगाम वाईट गेले तरी तोटा भरून निघत नाही.

याच्याशेजारी आपला बिबट्या ठेवून पाहा. कुत्रे, कोंबडी, डुक्कर, उंदीर, जे मिळेल त्यावर तो भागवतो. जंगल तुटले तर तो उसात राहतो. अकोले तालुक्यातल्या शेतीभागात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 बिबटे आढळल्याची नोंद 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे राखीव जंगल नव्हते. होती ती दाट लोकवस्ती. आपण त्याच्याशी आडमुठेपणा केला, की तो चूक दाखवूनही देतो. जुन्नरमध्ये 2001 नंतर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला, तेव्हा सोडलेल्या जागांजवळ माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडले. म्हणजे बिबट्याच्या बाबतीत शेजाऱ्याचे वागणे निर्णायक ठरते. गावाने कचरा आवरला, गुरे रात्री बंदिस्त ठेवली, पिंजऱ्याचा हट्ट सोडला, तर फरक पडतो. बोली दोन पक्षांत असते, आणि दोन्ही पक्ष जागेवर असतात.

अस्वलाला ही लवचीकता नाही. बर्फ नसेल तर जमिनीवरच्या अन्नावर ते निभावून नेईल, अशी आशा पुष्कळांनी बाळगली. हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी 20 अस्वलांवर उन्हाळ्यात सुमारे 3 आठवडे पाळत ठेवली. कुणी पडून राहिले, कुणी बोरांसारखी फळे आणि पाखरे खाल्ली, कुणी लांब पोहून गेले. 2024 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: 20 पैकी 19 अस्वले वाळली. 2008 मध्ये अलास्काच्या उत्तरेला एक मादी बर्फाच्या शोधात सलग 9 दिवस 687 किलोमीटर पोहली; तिचे 22 टक्के वजन गेले आणि पिल्लूही गेले. उन्हाळा सरताना, सप्टेंबरात उरणारा आर्क्टिकचा समुद्री बर्फ 1979 पासून दर दशकाला सुमारे 12 टक्क्यांनी घटतो आहे. पश्चिम हडसन उपसागरात 1980 च्या दशकात सुमारे 1,200 अस्वले होती. 2021 च्या मोजणीत ती 618 भरली.

सगळीकडे अशीच पडझड आहे असे नाही. जगात 26,000 च्या आसपास असलेली ही अस्वले 20 समूहांत विभागलेली मानली जातात. त्यांतले काही स्थिर आहेत, एक-दोन वाढलेही आहेत, कारण तिथला जुना जाड बर्फ पातळ झाल्याने सध्या उलट शिकार सोपी झाली. पण ती सोय तात्पुरती आहे. पातळ होत जाणारा बर्फ एके दिवशी नाहीसाही होतो.

अशा वेळी दूरच्या माणसाला दोन गोष्टी सुचतात, आणि दोन्ही सोप्या आहेत. पहिली म्हणजे हळहळ. 2017 मध्ये कॅनडाच्या सॉमरसेट बेटावरल्या एका हाडे निघालेल्या अस्वलाची चित्रफीत कोट्यवधी लोकांनी पाहिली. ते अस्वल तापमानवाढीनेच मरणपंथाला लागले, असे त्या एका देहाकडे पाहून सांगता येत नव्हते. पुढल्या वर्षी ‘नॅशनल जिओग्राफिक’नेही आपण नको तितके ठामपणे सांगितल्याचे मान्य केले. दुसरी गोष्ट म्हणजे शेजाऱ्याला दटावणे. अस्वलाच्या कातड्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार पुरता बंद करावा असा प्रस्ताव अमेरिकेने 2010 मध्ये दोहा येथील आणि 2013 मध्ये बँकॉक येथील वन्यजीव-व्यापार परिषदेत मांडला. दोन्ही वेळा तो पडला. इनुइटांचे म्हणणे साधे होते: आम्ही ठरवून दिलेल्या संख्येत शिकार करतो, बर्फ आम्ही वितळवलेला नाही. अनिर्बंध शिकारीचे संकट खरे होते, पण त्यावर अस्वलांच्या 5 देशांनी 1973 मध्येच करार केला आणि तो बऱ्याच अंशी लागू पडला. आजचे संकट बंदुकीतून आलेले नाही. तेल आणि कोळसा जाळणाऱ्या देशाने शिकाऱ्याकडे बोट दाखवावे, यात न्याय कमी आणि सोय जास्त आहे.

इथे डहाणूची एक गोष्ट उपयोगी पडते. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. तरीही खाडीकाठी 500 मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प उभा राहिला. त्याची वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. चिकूच्या वाड्यांचे काय होणार, या प्रश्नावर लोक लढले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याच्या रेट्यामुळे धुरातला गंधक काढणारी यंत्रणा 2007 मध्ये बसली. हा मोठा विजय होता. धुराचा त्रास इथे होता, ओरडणारे इथे होते, न्यायही इथे झाला.

पण त्या यंत्रणेने अडवला तो गंधक. त्याच चिमणीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ती हात लावत नाही. तो चिकूचे पान करपवत नाही, खोकला आणत नाही, म्हणून त्याविरुद्ध कुणी अर्ज केला नाही. 2016 मध्ये डर्क नॉट्झ आणि जुलिएन स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: 1 टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिकचा सप्टेंबरातला समुद्री बर्फ सुमारे 3 चौरस मीटर घटतो. कोळशाच्या 1 युनिट विजेमागे साधारण 1 किलो वायू निघतो असे धरले, तर 1,000 युनिटांमागे एका मोठ्या चादरीएवढा बर्फ गेला. अंधेरी-बोरिवलीतले वातानुकूलित घर हा आकडा उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत सहज ओलांडते. तलासरीच्या पाड्यावर दोन दिवे आणि एक पंखा चालवणाऱ्या घराला तिथवर पोचायला वर्षही पुरणार नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे 2 टन वायू जातो, अमेरिकन माणसामागे त्याच्या सात पट. आजवर साचलेल्या वायूत अमेरिकेचा वाटा सुमारे पाव, भारताचा तीन-चार टक्के. मग अस्वलाचे ओझे आपण का वाहावे? ज्या पाड्यावर उन्हाळ्यात पाण्यासाठी मैलभर चालावे लागते, तिथे हा विषय काढणेही क्रूर नाही का?

पाड्याला हे ओझे सांगूच नये. पण ‘भारताची सरासरी’ या आडोशाला लपणारा माणूस पाड्यावरचा नसतो; तो त्या पाड्याच्या कमी वापरामागे स्वतःचा जास्त वापर दडवत असतो. दुसरे असे की इनुइटांवर जे गुदरते आहे ते डहाणूला अनोळखी नाही. निर्णय दूर होतो, मोल शेजारी मोजतो. डहाणू तालुक्यातल्या वाढवणला बंदर नको असे डहाणूच्या त्याच प्राधिकरणाने 1998 मध्ये ठरवले होते. 2023 मध्ये त्यानेच परवानगी दिली, आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी 76,220 कोटींच्या बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आजही आहे. बंदर हवे की नको यावर मतभेद असू शकतात. पण समुद्राशी ज्यांचा पिढ्यांचा व्यवहार आहे त्यांचा शब्द सर्वांत शेवटी मोजला जातो, हे तिथेही दिसते आणि इथेही.

शिवाय आर्क्टिक आपल्यापासून वाटते तेवढे अलिप्त नाही. ‘हिमाद्री’ चालवणाऱ्या गोव्याच्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये मांडले की कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरात कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस यांत संबंध असावा. तो दुवा अजून तपासला जातो आहे. पण परतीच्या पावसात आडवा झालेला भात ज्याने पाहिला आहे, त्याला असा दुवा परका वाटणार नाही.

वाघोबाची बोली टिकली, कारण मान देणारा आणि घेणारा एकाच रानात होते. अस्वलाची बोली त्याच्या शेजाऱ्यांना एकट्याने पाळता येणार नाही. बर्फ त्यांच्या हातात नाही. ज्यांच्या हातात तो आहे, ते अस्वलापासून हजारो किलोमीटर दूर बटण दाबतात, आणि त्यांत आपलीही बटणे आहेत. त्यांनी हळहळ आवरावी आणि एक व्यवहाराचा प्रश्न धरून बसावे: खाडीकाठच्या प्रकल्पातला कोळसा नेमका कोणत्या वर्षी थांबणार? धूर सोसणाऱ्या डहाणूकरांनी आणि वीज जाळणाऱ्या मुंबईकरांनी तो एकत्र विचारावा, आणि वर्षाचा आकडा मिळेपर्यंत विचारत राहावे. गंधकाच्या लढाईत डहाणूने ही चिकाटी एकदा दाखवली आहे.